लॉगिन पासवर्ड असूनही डेटा उघडाच? लॅपटॉपचं डिस्क एन्क्रिप्शन समजून घेऊया

आज आपण डिस्क एन्क्रिप्शन म्हणजे काय, ते लॅपटॉपवरच्या डेटाचं संरक्षण कसं करतं आणि कुठे अजिबात करत नाही, हे पाहणार आहोत. विषय कम्प्युटरचा असला तरी सुरुवात फोनपासून करतो, कारण एन्क्रिप्शन तुम्ही रोज खिशात घेऊन फिरता, फक्त ते दिसत नाही.

एक छोटा प्रयोग करा. फोन रीस्टार्ट करा आणि पिन किंवा पॅटर्न न टाकता घरातल्या दुसऱ्या फोनवरून त्यावर कॉल लावा. बहुतेक फोनवर रिंग वाजेल, पण 'आई' असं नाव येणार नाही, नुसता नंबर दिसेल. फिंगरप्रिंटही चालणार नाही, आधी पिन टाका म्हणून फोन अडून बसेल. कारण सोपं आहे. तुमची कॉन्टॅक्ट लिस्ट, फोटो, मेसेज हे सगळं फोनच्या मेमरीत कुलूपबंद असतं आणि ते कुलूप तुमच्या पिनशिवाय उघडत नाही. पिन टाकेपर्यंत 'आई' हे नाव खुद्द फोनलाही वाचता येत नाही. अँड्रॉइड १० किंवा त्यापुढची आवृत्ती घेऊन बाजारात आलेल्या फोनांना तर एन्क्रिप्शन सक्तीचंच आहे. आयफोनमध्येही ते बऱ्याच वर्षांपासून आहे.

लॅपटॉपची गोष्ट वेगळी. विंडोजचे लॅपटॉप वर्षानुवर्षं हे कुलूप न लावताच विकले गेले. आता नवीन लॅपटॉपवर ते आपोआप लागतं, पण लागलंय हे मालकाला कोणी सांगत नाही. दोन्हींत धोका आहे. पहिल्यात डेटा दुसऱ्याच्या हाती जातो, दुसऱ्यात तो तुमच्याच हाती राहत नाही. लेखात दोन्हींबद्दल बोलू, पण दुसऱ्याबद्दल जरा जास्त, कारण त्याबद्दल मराठीत फारसं कोणी लिहीत नाही.

लॉगिन पासवर्ड दाराला असतो, सामानाला नाही

लॅपटॉप चालू केला की विंडोज पासवर्ड किंवा पिन विचारतं. आपल्याला वाटतं, झालं, डेटा सुरक्षित. पण हा पासवर्ड विचारतं कोण? विंडोज. आणि फाईली असतात कुठे? हार्ड डिस्क किंवा एसएसडीवर. डिस्कला पासवर्ड वगैरे काही कळत नाही. तिच्याकडे कोणीही मागितलं की ती मुकाट्याने माहिती काढून देते. विंडोज सुरूच झालं नाही, तर पासवर्ड विचारणारा रखवालदारच जागेवर नाही.

हे करायला कोणी मोठा हॅकर लागत नाही. लॅपटॉपच्या खालचे स्क्रू काढायचे, डिस्क बाहेर काढायची, काही शे रुपयांना मिळणाऱ्या यूएसबी केसिंगमध्ये घालायची आणि दुसऱ्या कम्प्युटरला लावायची. पेन ड्राइव्ह उघडतो तशी ती उघडते. 'या फोल्डरची तुम्हाला परवानगी नाही' असा मेसेज आला तर कंटिन्यू दाबायचं. डिस्क बाहेर काढायचाही कंटाळा असेल तर लिनक्स टाकलेल्या पेन ड्राइव्हवरून तोच लॅपटॉप सुरू करायचा. मित्रांच्या बंद पडलेल्या लॅपटॉपमधून फोटो काढून देण्यासाठी मी हे बऱ्याचदा केलं आहे. पासवर्ड विचारावाही लागत नाही.

आता तुमच्या डाउनलोड्स फोल्डरमध्ये काय काय पडलंय ते आठवा. आधार आणि पॅनचे स्कॅन, मार्कशीट, बाबांच्या बँक स्टेटमेंटच्या पीडीएफ, घराचा भाडेकरार, फोनमधून कॉपी करून ठेवलेले हजारभर फोटो. लॅपटॉप एसटीत राहिला, हॉस्टेलमधून चोरीला गेला किंवा दुरुस्तीला चार दिवस कुणाकडे ठेवला, की हे सगळं त्या माणसाच्या हातात. तो वाईट असेलच असं नाही. पण तो चांगला निघावा यावर आपण विसंबून आहोत, एवढं खरं.

एन्क्रिप्शन नेमकं करतं काय?

डिस्क एन्क्रिप्शन चालू असेल तर डिस्कवर जे काही लिहिलं जातं ते आधी गणिती पद्धतीने ढवळून निघतं आणि मगच लिहिलं जातं. वाचताना उलट. हे काम तुमच्या आणि डिस्कच्या मध्ये बसून होत असतं, त्यामुळे तुम्हाला फाईल नेहमीसारखीच उघडलेली दिसते. डिस्क काढून दुसरीकडे लावली तर मात्र फाईली दिसत नाहीत. काही वेळा विंडोज 'ड्राइव्ह फॉरमॅट करायचा का?' असंही विचारतं, इतका तो मजकूर निरर्थक दिसतो.

ढवळण्याच्या या पद्धतीचं नाव एईएस. योआन डामेन आणि व्हिन्सेंट रायमेन या बेल्जियमच्या दोघांनी ती तयार केली. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने खुल्या स्पर्धेतून तिची निवड केली आणि २००१ मध्ये तिला मानक म्हणून जाहीर केलं. पद्धत पूर्णपणे उघड आहे, कोणीही वाचू शकतं. गुप्त असते ती फक्त किल्ली, म्हणजे एक मोठी संख्या. १२८ बिटची किल्ली म्हणजे किती मोठी? शक्य असलेल्या किल्ल्यांची संख्या ३९ आकडी आहे. एका सेकंदाला एक लाख कोटी किल्ल्या लावून पाहणारं यंत्र आणलं, तरी सगळ्या किल्ल्या संपायला विश्वाच्या आजच्या वयाच्या साधारण ७८ कोटी पट वेळ लागेल. म्हणून शहाणा चोर एईएस तोडायच्या नादी लागत नाही, तो किल्ली कुठे ठेवलीय ते शोधतो. हे लक्षात ठेवा, पुढचा सगळा लेख किल्लीबद्दलच आहे.

एक बारकावा मात्र सांगून ठेवतो. एईएस एका वेळी १६ बाइटचा तुकडा ढवळतं. सारख्या तुकड्याचं उत्तर दर वेळी सारखंच आलं, तर किल्ली नसतानाही डिस्कवरची नक्षी ओळखू येईल. जिथे रिकामी जागा तिथे तोच तोच मजकूर, जिथे फोटो तिथे वेगळा. म्हणून डिस्कसाठी एक्सटीएस नावाची रीत वापरतात. तीत तो तुकडा डिस्कवर कितव्या जागी आहे हेही गणितात घेतलं जातं. एकच फाईल दोन ठिकाणी कॉपी केली तरी डिस्कवर ती दोन्हीकडे वेगळी दिसते. विंडोज १० पासून बिटलॉकर हीच रीत वापरतं.

'लॅपटॉप स्लो होईल का?' हा नेहमीचा प्रश्न. इंटेलने २०१० पासून प्रोसेसरमध्येच एईएससाठी वेगळ्या सूचना दिल्या, एएमडीमध्येही त्या आल्या. खूप वेगवान एसएसडीवर चाचणी घेतली तर फरक मोजता येतो, पण ब्राउझर, असाइनमेंट आणि सिनेमे यांत तो मला तरी कधी जाणवला नाही. फार जुना लॅपटॉप असेल तर गोष्ट वेगळी.

तिजोरीची किल्ली कपाटात, कपाटाची किल्ली डब्यात

तुम्ही पासवर्ड बदलता तेव्हा अख्खी डिस्क पुन्हा ढवळावी लागते का? नाही, कारण डेटाची किल्ली आणि तुमचा पासवर्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्या घरातलं लोखंडी कपाट आठवा. दागिने आतल्या तिजोरीत, तिजोरीची किल्ली कपाटाच्या कप्प्यात आणि कपाटाची किल्ली आईने ठेवलेल्या कुठल्यातरी डब्यात. डिस्कचंही असंच आहे. डेटा ढवळणारी खरी किल्ली कम्प्युटर स्वतः तयार करतो आणि ती तुम्हाला कधीच दिसत नाही. ती दुसऱ्या एका किल्लीने बंद करून डिस्कवरच ठेवलेली असते. त्या दुसऱ्या किल्लीपर्यंत पोचायला मग वेगवेगळ्या वाटा करून ठेवता येतात. एक तुमच्या पासवर्डची, एक लॅपटॉपमधल्या चिपची आणि एक अडीअडचणीला लागणारी. पासवर्ड बदलला की फक्त ती एक वाट बदलते, दागिने जागचे हलत नाहीत.

या रचनेचा दुसरा अर्थही समजून घ्या. सगळ्या वाटा बंद झाल्या, तर डिस्क जागेवर, डेटा जागेवर, तरी तो कायमचा गेला. मग कंपनी, दुकानदार, डेटा रिकव्हरीवाला, कोणीही काही करू शकत नाही. 'माझा एक ओळखीचा आहे, तो करून देतो' असं कोणी म्हणालं तर पैसे देऊ नका.

टीपीएम चिप आणि न विचारता उघडणारं कुलूप

तुम्ही म्हणाल, माझा लॅपटॉप तर सुरू होताना डिस्कचा पासवर्ड विचारत नाही, मग एन्क्रिप्शन आहे कसं? इथे टीपीएम येतं. विंडोज ११ साठी ज्या चिपचा एवढा गाजावाजा झाला, तीच ही. काही लॅपटॉपमध्ये ती वेगळी असते, काहींत प्रोसेसरच्या आतच.

टीपीएमचं काम म्हणजे किल्ली सांभाळणं आणि माणूस बघून देणं. लॅपटॉप सुरू होताना कुठलं फर्मवेअर आलं, मग काय आलं, याची ती नोंद घेत जाते. सगळं नेहमीसारखं असेल तर किल्ली देते, विंडोज सुरू होतं आणि तुम्हाला लॉगिन स्क्रीन दिसते. कोणी पेन ड्राइव्हवरून दुसरीच सिस्टीम सुरू केली तर नोंद जुळत नाही आणि किल्ली मिळत नाही. डिस्क काढून दुसऱ्या लॅपटॉपला लावली तर तिथे ही चिपच नाही.

म्हणजे आता गंमत पाहा. एन्क्रिप्शन नसताना जो लॉगिन पासवर्ड बिनकामाचा होता, तो आता खरोखर उपयोगाचा झाला. कारण डेटापर्यंत जायचं तर विंडोजच्या दारातूनच जावं लागतं, आणि रखवालदार दारात हजर असतो.

ही सोय शंभर टक्के पक्की नाही. २०२४ च्या सुरुवातीला एका सुरक्षा संशोधकाने जुन्या लॅपटॉपवर वेगळ्या टीपीएम चिपपासून प्रोसेसरकडे जाणारी किल्ली वाटेतच टिपून दाखवली, तीही एका स्वस्तातल्या रास्पबेरी पाय पिको बोर्डच्या मदतीने आणि एका मिनिटाच्या आत. यावर उपाय आहे. बिटलॉकरमध्ये सुरू होतानाच वेगळा पिन विचारायची सोय प्रो आवृत्तीत करता येते, मग तो पिन मिळाल्याशिवाय चिप किल्ली सोडत नाही. पत्रकार, वकील, सीए यांनी ते जरूर करावं. कॉलेजच्या मुलांना, माझ्या मते, त्याची गरज नाही. तुमचा लॅपटॉप चोरणारा सहसा तो विकण्यासाठी चोरतो.

विंडोज: ४८ आकडे कुठे आहेत ते आजच बघा

विंडोजमधल्या या सोयीचं नाव बिटलॉकर. ती व्हिस्टाबरोबर आली, पण बरीच वर्षं महागड्या आवृत्त्यांपुरतीच होती. होम आवृत्तीत तिचं साधं रूप असतं, त्याला 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' म्हणतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने त्यासाठीच्या हार्डवेअरच्या अटी सैल केल्या. त्यामुळे नव्याने विंडोज टाकलेल्या कितीतरी लॅपटॉपवर, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की, ते गुपचूप चालू होतं.

चालू आहे का हे बघायला सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात डिव्हाइस एन्क्रिप्शन उघडा. फाईल एक्सप्लोररमध्ये सी ड्राइव्हच्या चित्रावर छोटं कुलूप दिसत असेल तरी समजा की आहे. एक मधली अवस्थाही असते. डिस्क ढवळलेली आहे, पण मायक्रोसॉफ्ट अकाउंटने अजून कोणी लॉगिन केलेलं नाही. तेव्हा किल्ली डिस्कवर उघडीच असते, म्हणजे कुलूप लावून किल्ली कुलपातच ठेवल्यासारखं.

आता मुख्य मुद्दा, रिकव्हरी की. अडचणीच्या वेळची जी वाट मघाशी म्हटलं, ती हीच. ४८ आकडे, सहा-सहाच्या आठ गटांत. यातला प्रत्येक गट ११ ने भागला जातो. त्यामुळे टाइप करताना एखादा आकडा चुकला तर कुठल्या गटात चुकला हे लगेच कळतं. ती कधी लागते? टीपीएमला काहीतरी बदललेलं वाटलं की. बायोस अपडेट झालं, बायोसच्या सेटिंग्जमध्ये हात घातला, मदरबोर्ड बदलला, की निळी स्क्रीन येते आणि ४८ आकडे मागते.

माझ्या मामेबहिणीचं उदाहरण देतो. ती नाशिकला इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. लॅपटॉप वॉरंटीत दुरुस्तीला दिला, मदरबोर्ड बदलून मिळाला आणि घरी येऊन चालू केला तर निळी स्क्रीन. प्रोजेक्टचं सगळं काम आत. 'दादा, मी तर असलं काही चालूच केलं नव्हतं,' हे तिचं पहिलं वाक्य, आणि ते खरंच होतं. ही किल्ली आपोआप मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जमा होते, म्हणून तिच्या अकाउंटमध्ये पाहिलं. तिथे काहीच नाही. मग लक्षात आलं की लॅपटॉप घेताना दुकानातल्या मुलाने 'थांबा, मीच सेटअप करून देतो' म्हणत दुकानाचाच ईमेल टाकला होता. दुकानदाराला फोन केला. त्याच्या अकाउंटमध्ये कितीतरी लॅपटॉपच्या किल्ल्या पडल्या होत्या, सगळ्यांची नावं 'डेस्कटॉप' आणि पुढे काहीतरी. निळ्या स्क्रीनवर किल्लीचा ओळख क्रमांक दिसतो, त्याचे पहिले आठ अक्षर-आकडे जुळवत जुळवत तिची किल्ली सापडली. दुकानदाराला पासवर्ड आठवत होता म्हणून निभावलं. तो ईमेल बंद झालेला असता तर प्रोजेक्ट पुन्हा पहिल्यापासून करावा लागला असता.

दुकानातून सेटअप करून घेणं आपल्याकडे इतकं सवयीचं आहे की मला हा धोका चोरीपेक्षा मोठा वाटतो. शिवाय तुमच्या डिस्कची एक किल्ली अनोळखी माणसाच्या अकाउंटमध्ये पडून राहते, ते वेगळंच. म्हणून सेटिंग्जमध्ये अकाउंट्स उघडून तिथे कोणाचा ईमेल आहे ते बघा. तुमचा नसेल तर आधी महत्त्वाच्या फाईलींचा बॅकअप घ्या, मग स्वतःचं अकाउंट ॲडमिन म्हणून जोडा, दुकानाचं काढून टाका, डिव्हाइस एन्क्रिप्शन बंद करा आणि काम पूर्ण झाल्यावर पुन्हा चालू करा. बंद करताना अख्खी डिस्क मोकळी होते, त्यामुळे वेळ लागतो. चार्जर लावून बसा. पुन्हा चालू केल्यावर नवी किल्ली तयार होते आणि ती तुमच्या अकाउंटमध्ये जाते.

त्यानंतर मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या वेबसाइटवर लॉगिन करून, डिव्हाइसेसमध्ये ते ४८ आकडे खरंच दिसतात का हे डोळ्यांनी बघा आणि कागदावर उतरवून मार्कशीटच्या फाईलमध्ये ठेवा. नुसत्या आकड्यांवरून कोणाला काही करता येत नाही, सोबत तुमची डिस्कही लागते. म्हणूनच तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत मात्र ठेवायचा नाही. किल्लीची प्रत कंपनीकडे असणं काहींना पटत नाही, कारण कायदेशीर आदेश आला तर कंपनीला ती द्यावी लागू शकते. त्यांच्यासाठी प्रो आवृत्तीत किल्ली फक्त कागदावर किंवा पेन ड्राइव्हवर ठेवायची सोय आहे. पण मग जबाबदारीही संपूर्ण तुमची.

ही किल्ली किती कामाची असते हे १९ जुलै २०२४ ला जगाने पाहिलं. क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख विंडोज कम्प्युटर निळ्या स्क्रीनवर अडकले. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, ते फोटो तुम्ही पाहिले असतील. दुरुस्ती तशी सोपी होती, सेफ मोडमध्ये जाऊन एक फाईल डिलीट करायची. पण ज्या कम्प्युटरवर बिटलॉकर होतं तिथे आधी ४८ आकडे टाकल्याशिवाय आत जाता येत नव्हतं, आणि आयटीवाले एकेका मशीनसमोर बसून आकडे टाइप करत होते.

मॅक आणि लिनक्सवाल्यांसाठी थोडक्यात

मॅकवर हीच सोय फाईलव्हॉल्ट नावाने आहे. २००३ मध्ये ती आली तेव्हा फक्त होम फोल्डर ढवळला जायचा, २०११ पासून पूर्ण डिस्क. एम१ आणि त्यापुढच्या चिपच्या मॅकमध्ये डिस्क मुळात ढवळलेलीच असते. फाईलव्हॉल्ट चालू केलं की त्या किल्लीला तुमच्या पासवर्डचा पहारा बसतो, आणि हे क्षणात होतं. सिस्टीम सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, फाईलव्हॉल्ट. तिथली रिकव्हरी की २४ अक्षर-आकड्यांची असते.

लिनक्समध्ये लुक्स असतं. उबुंटू टाकतानाच त्याचा पर्याय निवडावा, नंतर लावणं कटकटीचं आहे. इथे साधारणपणे टीपीएमऐवजी दर वेळी पासवर्डच विचारला जातो, त्यामुळे तो लांब हवा. पासवर्डपासून किल्ली बनवण्याचं गणित मुद्दाम संथ ठेवलेलं असतं, म्हणजे अंदाज लावणाऱ्याला प्रत्येक प्रयत्नाला वेळ लागावा. पण पासवर्ड '१२३४५६' असेल तर गणित तरी काय करणार?

लॅपटॉप चालू असेल तर?

आता डिस्क एन्क्रिप्शनची सगळ्यात मोठी मर्यादा. ते बंद लॅपटॉपचं रक्षण करतं. लॅपटॉप चालू असताना किल्ली रॅममध्ये असते आणि सगळ्या फाईली उघड्या असतात.

याचं गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. सिल्क रोड नावाचा अमली पदार्थांचा ऑनलाइन बाजार चालवणारा रॉस उलब्रिक्ट १ ऑक्टोबर २०१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमधल्या ग्लेन पार्क सार्वजनिक वाचनालयात लॅपटॉप उघडून बसला होता. त्याची डिस्क एन्क्रिप्टेड होती. लॅपटॉप नुसता मिटला असता तरी पुरावा हातचा जाईल, हे एफबीआयला माहीत होतं. म्हणून त्याच्या पाठीमागे एका बाई-माणसाने भांडणाचं नाटक केलं, त्याने मान वळवली आणि तेवढ्यात लॅपटॉप समोरून उचलला गेला, चालू अवस्थेत, लॉगिन केलेला. आतल्या डायऱ्या आणि नोंदी पुढे खटल्यात वापरल्या गेल्या. एवढ्या मोठ्या तपास यंत्रणेनेही एन्क्रिप्शन तोडायचा विचार केला नाही, माणसाची मान वळण्याची वाट पाहिली.

स्लीप मोडमध्येही रॅम जागी असते. २००८ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की वीज गेल्यावरही रॅममधला मजकूर काही क्षण टिकतो, आणि चिप थंड केली तर आणखी जास्त वेळ. त्यातून डिस्कची किल्ली काढता येते. चोर एवढं करणार नाही, पण प्रवासात लॅपटॉप स्लीपऐवजी शट डाउन किंवा हायबरनेट करण्याची सवय काही महागात पडत नाही. हायबरनेटमध्ये रॅममधला मजकूर एन्क्रिप्टेड डिस्कवरच उतरवला जातो.

व्हायरस आणि रॅन्समवेअर यांच्यापुढे डिस्क एन्क्रिप्शनचा काडीचा उपयोग नाही. ते तुमच्या लॉगिननंतर, तुमच्याच नावाने फाईली उघडतात. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर टाकलं आणि त्यातून काही आलं, तर बिटलॉकर शांतपणे त्यालाही फाईली उघडून देईल. ईमेलने पाठवलेली किंवा ड्राइव्हवर चढवलेली फाईलही डिस्कबाहेर पडताच साधी होते. आणि डिस्क खराब झाली तर एन्क्रिप्शन असताना डेटा परत मिळवणं आणखी अवघड, म्हणून बॅकअप वेगळा हवाच.

'हार्डवेअर एन्क्रिप्शन' असं खोक्यावर लिहिलेल्या एसएसडीबद्दलही थोडं सांगतो. नेदरलँड्समधल्या राडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये काही नामांकित एसएसडी तपासल्या. त्यांतल्या काहींमध्ये पासवर्ड आणि किल्ली यांचा एकमेकांशी संबंधच नव्हता, त्यामुळे पासवर्ड न कळताही डेटा निघत होता. तेव्हा बिटलॉकर अशा डिस्कवर विश्वास ठेवून स्वतः काही करत नसे. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते बदललं, आता बिटलॉकर स्वतःच ढवळतं.

जुना लॅपटॉप विकताना

लॅमिंग्टन रोड किंवा तपकीर गल्लीत जुना लॅपटॉप द्यायला गेलात की 'फॉरमॅट मारून देतो' असं ऐकायला मिळतं. क्विक फॉरमॅट म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडणं, पानं तशीच राहतात. हार्ड डिस्कवरून ती परत काढणारी सॉफ्टवेअर फुकट मिळतात. डिस्क पहिल्यापासून एन्क्रिप्टेड असेल तर मात्र काम सोपं आहे. विंडोजच्या 'रीसेट धिस पीसी'मध्ये सगळं काढून टाका हा पर्याय निवडून ड्राइव्ह साफ करायला सांगा. किल्ल्या नष्ट झाल्या की जी काही पानं उरली असतील ती कुणालाच वाचता येत नाहीत. लॅपटॉप बरीच वर्षं उघडा वापरला असेल आणि आता बिटलॉकर लावणार असाल, तर 'फक्त वापरलेली जागा' न निवडता 'पूर्ण ड्राइव्ह' निवडा. नाहीतर पूर्वी डिलीट केलेल्या फाईलींचे अवशेष रिकाम्या जागेत उघडेच राहतात. विकून झाल्यावर तो लॅपटॉप तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधूनही काढून टाका.

राहता राहिला पेन ड्राइव्ह, जो लॅपटॉपपेक्षा कितीतरी सहज हरवतो. त्यासाठी बिटलॉकर टू गो आहे. ते लावायला प्रो आवृत्ती लागते, पासवर्ड टाकून उघडणं होममध्येही जमतं. फोन, टीव्ही आणि मॅकवर तो ड्राइव्ह नेहमीसारखा उघडत नाही. विंडोज आणि मॅक दोन्हींवर फाईली न्यायच्या असतील तर मी व्हेराक्रिप्ट हे मोफत सॉफ्टवेअर वापरतो. त्यात पेन ड्राइव्हवर एक कुलूपबंद फाईल तयार होते आणि बाकीची जागा साध्या वापराला मोकळी राहते. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला मात्र हा ड्राइव्ह नेऊ नका, कारण तिथल्या कम्प्युटरवर तुम्हाला पासवर्ड टाइप करावा लागेल. प्रिंटसाठी एक वेगळा, रिकामा पेन ड्राइव्ह ठेवा आणि त्यात तेवढी एकच पीडीएफ टाकून न्या.